ठोका चुकलेलं हृदय आणि लांबचा दवाखाना : मोहर्लीसारख्या गावात एट्रियल फिब्रिलेशनसोबत कसं राहावं?

ताडोबाचं प्रवेशद्वार म्हणून मोहर्ली सगळ्यांना माहीत आहे. पण तिथं राहणाऱ्या माणसाला छातीत धडधडायला लागलं, तर मोठा दवाखाना तीसेक किलोमीटरवर चंद्रपूरला, आणि हृदयाचे मोठे उपचार बहुतेक वेळा नागपूरला. रात्री रस्ता जंगलातून. त्यामुळे ज्याचं हृदय कमजोर आहे आणि ठोकेही कायम अनियमित पडतात, त्याला आजाराची माहिती शहरातल्या रुग्णापेक्षा जास्त असायला हवी.

हा आजार नेमका काय?

हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. त्यामुळे नाडी कधी भरभर, कधी थांबून, कशीही चालते. यालाच एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हा प्रकार सात दिवसांपेक्षा जास्त टिकला तर त्याला 'परसिस्टंट', म्हणजे टिकून राहिलेला, म्हणतात. सोबत हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकदही कमी झालेली असते. इकोच्या कागदावर 'ईएफ' असा आकडा असतो. तो साधारण 55 ते 70 असतो. 40 किंवा त्याखाली गेला तर हृदय कमजोर समजतात.

दोन्ही आजार एकमेकांना वाढवतात. ठोके महिनोन्महिने भरभर पडले की हृदय थकतं, आणि थकलेल्या हृदयात ठोके आणखी बिघडतात. दिलासा देणारी गोष्ट अशी की, काही रुग्णांत वेग आटोक्यात आला की ईएफ पुन्हा सुधारतो. म्हणून 'आता काय उपयोग' म्हणून गोळ्या सोडू नयेत.

कारण शोधणं का गरजेचं?

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकाराचा झटका, थायरॉईड, दारू ही कारणं आहेतच. आपल्याकडे आणखी एक आहे : लहानपणी घसा दुखून आलेला संधिवाताचा ताप. त्यात हृदयाची झडप खराब होते आणि पुढे तिशी-चाळिशीतच ठोके बिघडतात. बायकांमध्ये हे जास्त दिसतं आणि अनेकदा बाळंतपणात पहिल्यांदा कळतं. झडप अरुंद झाली असेल तर औषधही वेगळं लागतं, म्हणून एकदा तरी इको करून घ्यावाच.

सगळ्यात मोठा धोका : लकवा

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गाठ बनते. ती मेंदूत गेली की लकवा मारतो. या आजारात हा धोका साधारण पाच पट वाढतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी हीच मुख्य ढाल आहे. तिच्यामुळे धाप कमी होत नाही, अंगात ताकद आल्यासारखं वाटत नाही. म्हणूनच लोक ती आधी बंद करतात. तीच बंद करायची नाही.

गोळ्या दोन प्रकारच्या. वॉर्फरिन किंवा अॅसिट्रोम स्वस्त आहे, पण 'आयएनआर' ही रक्ताची तपासणी नियमित करावी लागते. आकडा बहुतेकांना 2 ते 3 च्या मध्ये ठेवतात. एपिक्सबॅन, रिव्हरॉक्सबॅनसारख्या नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही आणि आता त्या जेनेरिकही मिळतात. लांबच्या गावाला त्या सोयीच्या वाटतात. पण संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांनी मनाने बदल करू नये. 24 देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा 'इनव्हिक्टस' अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. संधिवाताचा हृदयविकार असलेल्या या रुग्णांत जुन्या पद्धतीच्या गोळीवर मृत्यू कमी झाले होते.

गोळी चालू असताना हे टाळा :

- डायक्लोफेनॅक, आयब्रुफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या. त्या रक्तस्राव वाढवतात आणि अंगात पाणीही साठवतात.
- गावातल्या डॉक्टरकडून कमरेत सुई. 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे' हे आधी सांगा.
- डॉक्टरांना न विचारता हिजामा. चिरा दिल्यावर रक्त लवकर थांबत नाही.
- जंगलातली जडीबुटी, काढे. काहींचा गोळीवर थेट परिणाम होतो.

वॉर्फरिनवाल्यांनी पालेभाजी सोडायची नाही. रोज साधारण सारखीच खायची. काळी शौच, लघवीत रक्त, डोक्याला मार, यांपैकी काही झालं तर लगेच दवाखाना.

वेग आणि पाणी

ठोके पूर्ववत होवोत न होवोत, वेग आटोक्यात हवा. त्यासाठी मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कधी डिगॉक्सिन देतात. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. अनियमित नाडीत पंधरा सेकंद मोजून चौपट केलं की आकडा चुकतो. बसून असतानाही 110 च्या वर राहत असेल किंवा 50 च्या खाली जात असेल, तर डॉक्टरांना कळवा.

रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. पाय सुजणं, उशा वाढवून झोपावं लागणं ही पुढची लक्षणं. मीठ दिवसभरात एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, सुकी मासळी यांतलं मीठही त्यातच धरा.

आपल्या भागात उन्हाळा वेगळाच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि पारा 45 च्या वर. लघवीची गोळी चालू असताना अशा उन्हात काम केलं तर रक्तदाब पडतो, किडनीवर ताण येतो. पाणी किती प्यावं आणि उन्हाळ्यात गोळी कमी करावी का, हे मार्चआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. खर्रा मात्र बाराही महिने बंद. तंबाखू आणि सुपारी दोन्ही ठोके वाढवतात.

रोजा आणि नमाज

ज्यांची तब्येत स्थिर आहे, त्यांच्या काही गोळ्यांच्या वेळा सेहरी-इफ्तारला बसवता येतात. पण धाप, सूज असेल किंवा नुकतंच दवाखान्यात भरती होऊन आला असाल, तर रोजा धोक्याचा ठरू शकतो. आजारी माणसाला कुरआनाने सूरह बकरामध्येच सवलत दिली आहे. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा, मग आलिमांना विचारा. अब्बा किंवा अम्मी गोळी लपून सोडत नाहीत ना, हे घरच्यांनी पाहावं. उभं राहून दम लागत असेल तर बसून नमाज पढता येते.

घरात तयार काय असावं?

एका पिशवीत इकोचा कागद, शेवटचा ईसीजी, गोळ्यांची यादी, आयएनआरची वही. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणा. पावसाळ्यात रस्ता बंद होतो. भरती होण्याची वेळ आली तर योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे तो सांगतो.

आणि हे घरातल्या लहान मुलालाही शिकवा : तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसू नका, पाणी पाजू नका. 108 ला फोन करा आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहा. गाठ विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ साधारण साडेचार तासांची असते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते इंजेक्शन देता येईल की नाही हे डॉक्टर ठरवतील, म्हणून ती पिशवी सोबत न्या. मोहर्लीहून निघायचं असेल, तर त्या साडेचार तासांतला बराचसा वेळ रस्त्यातच जातो. घरात वाट बघण्यात एकही मिनिट घालवू नका.