भद्रेश्वराची सनद

मध्य व्हिएतनाममध्ये, होई आन या जुन्या बंदरापासून सुमारे 40 किलोमीटरवर, डोंगरांच्या कड्यात बसलेली मी-सोनची जी दरी आहे, तिच्या इतिहासाचा आरंभ ज्या शिलालेखापासून होतो तो वस्तुतः एक इनामपत्र आहे. चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकालात चंपा राज्याचा अधिपती भद्रवर्मा याने येथे भद्रेश्वर या नावाने शिवाची स्थापना केली. देवाच्या पूजा-अर्चेसाठी दरीतील जमीन तीवरील रहिवाशांसह कायमची देऊन टाकली. पूर्वेस सुलह पर्वत, दक्षिणेस महापर्वत, पश्चिमेस कुचक पर्वत आणि उत्तरेस मोठी नदी अशी तिची चतुःसीमा संस्कृतात कोरविली. उत्पन्नाचा षष्ठांश हा जो राजाचा हक्क, तो दशांशावर आणून देवाकडे लावून दिला. आणि पुढे होणाऱ्या राजांनी हे दान मोडू नये, मोडल्यास त्याचे पाप त्यांच्या माथी, असेही बजावून ठेवले. देवस्थानांच्या जुन्या सनदा ज्याने दफ्तरांतून चाळल्या आहेत, त्या मराठी वाचकाला या मजकुराची ठेवण पाहताक्षणी ओळखीची वाटेल. देवाला राजाचे किंवा राणीचे नाव देण्याची रीतही तशीच. कांचीचे कैलासनाथ हे राजसिंहेश्वर आणि पट्टदकलचे विरूपाक्ष हे लोकेश्वर म्हणून प्रतिष्ठित झाले, पण भद्रेश्वर त्या दोहोंच्याही काही शतके आधीचा आहे.

भद्रवर्म्याचे ते लाकडी मंदिर पुढे आगीत भस्मसात झाले. सातव्या शतकाच्या आरंभी शंभुवर्म्याने त्याचा जीर्णोद्धार केला आणि पूर्वजाचे नाव न पुसता त्याला स्वतःचे नाव जोडून देवाला शंभुभद्रेश्वर म्हटले. त्यानंतर सुमारे 600 वर्षे चंपाचे राजे येथे देवालये उभारीत, दाने देत आणि विजयानंतर नतमस्तक होत राहिले. त्यांपैकी प्रकाशधर्मा याचा शके 579 चा, म्हणजे इसवी सन 658 च्या सुमाराचा लेख मला सर्वांत मोलाचा वाटतो. राज्य सोडून गंगातीरी गेलेल्या गंगराजाचा त्यात उल्लेख आहे, आणि द्रोणपुत्र अश्वत्थाम्याकडून मिळालेला भाला रोवून कौंडिण्य या ब्राह्मणाने नगरी वसविली व नागकन्या सोमा हिच्याशी विवाह केला, ही कंबुज देशाची वंशकथाही आहे; कारण प्रकाशधर्म्याचे मातुल घराणे तिकडचे होते. जो शक आपल्या पंचांगावर आजही दरवर्षी छापला जातो, त्याच शकाने समुद्रापलीकडचे राजे आपली कालगणना करीत होते, ही गोष्ट ग्रंथात वाचणे वेगळे आणि ज्या भूमीत तो आकडा कोरला गेला तेथे उभे राहून तिचा विचार करणे वेगळे.

मात्र या साम्यांच्या ओढीने चाम कारागिराचे श्रेय झाकले जाऊ नये. त्याने येथे दगडाऐवजी विटेला प्रधान स्थान दिले. चाम लोक ज्याला कलन म्हणतात तो गर्भगृहाचा मनोरा, त्यापुढील मंडप, गोपुर आणि होडीसारख्या वाकलेल्या छपराचे कोषगृह, असा मंदिरसमूहाचा आराखडा. आणि भिंतींतील विटा एकमेकींना इतक्या निकट भिडलेल्या की सांध्यात चुना दिसत नाही. तेथील झाडांच्या राळेने त्या जोडल्या असाव्यात असे पुष्कळांचे मत आहे, तरी वाद मिटलेला नाही. भिंत पूर्ण उभी राहिल्यावर मग तिच्यावर छिन्नी चाले, म्हणजे मूर्तिकाराला चूक सुधारण्याची सवलत जवळजवळ नव्हती.

1471 मध्ये विजय ही चंपाची राजधानी उत्तरेकडील दाइ व्हिएत राज्याच्या सैन्याने घेतली आणि चंपाची सत्ता दक्षिणेकडे आक्रसत गेली. मी-सोनवर तर त्याआधीच रान माजू लागले होते. 1898 साली फ्रेंचांच्या दृष्टीस ही देवळे पडली. 1903-04 मध्ये आंरी पारमांतिए आणि शार्ल कार्पो या फ्रेंच अभ्यासकांनी उत्खनन व मोजणी केली, समूहांना अक्षरांची नावे दिली, आणि प्रत्येक मनोऱ्याचे रेखाटन केले. त्या रेखाटनांची किंमत पुढे कळली. दहाव्या शतकातील, पूर्व व पश्चिम अशी दोन द्वारे असलेला अ-1 हा चाम स्थापत्याचा मुकुटमणी 1969 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत जमीनदोस्त झाला, आणि त्याचे रूप आता मुख्यतः कागदावरच पाहावे लागते. युद्धानंतर काझिमिएर्झ क्विआत्कोव्स्की हा पोलिश स्थापत्यतज्ज्ञ येथे आला, 1980 च्या दशकाच्या आरंभापासून पडझड आवरीत राहिला आणि 1997 मध्ये व्हिएतनाममध्येच निवर्तला. 1999 साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशात स्थान दिले. अलीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अ, ह आणि क या समूहांचे जतन केले, आणि त्या कामातच 2020 मध्ये एक अखंड वालुकाश्माचे शिवलिंग प्रकाशात आले. पाहुण्याने यजमानाच्या घराची भिंत सावरून द्यावी, तसे हे काम झाले, आणि भारताने परदेशी केलेल्या सत्कार्यांत मी ते वरच्या स्थानी मोजतो.

इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार यांनी 1927 साली चंपावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनी या राज्याला प्राचीन भारतीय वसाहत म्हटले. पारतंत्र्याच्या दिवसांत आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचा असा शोध घेणे स्वाभाविक होते, आणि त्यांचे लेखवाचन व परिश्रम आजही आदरणीय आहेत. परंतु चंपाचे राजे चाम होते, त्यांची स्वतःची भाषा संस्कृताच्या बरोबरीने शिलेवर कोरली गेली, आणि त्यांनी शिवाला निवडले ते आपल्या राजीखुशीने. येथे येणाऱ्या भारतीयाला अभिमान वाटावा तो या निवडीचा. मालकीचा भाव मनात आणला तर ज्यांनी हे सारे घडविले तेच दृष्टीआड होतात.

ते नाहीसे झालेले नाहीत. मी-सोन पाहून परतणाऱ्या आपल्या यात्रिकांपैकी फार थोडे आणखी दक्षिणेस फान रांगपर्यंत जातात, याचे मला वाईट वाटते. कारण तेथे बालामोन म्हणून ओळखले जाणारे चाम लोक, ज्यांच्या नावातच ब्राह्मण शब्द वसला आहे, पो क्लोंग गराईच्या मनोऱ्यात आजही पूजा करतात. चाम पंचांगाच्या सातव्या महिन्यारंभी काते उत्सव भरतो. देवाची वस्त्रे वर्षभर डोंगरातल्या रागलाई लोकांच्या ताब्यात असतात. उत्सवाला ते ती घेऊन खाली उतरतात, मिरवणूक मनोऱ्यापाशी येते, पुरोहित द्वार उघडतात, देवाला स्नान घालतात आणि आणलेली वस्त्रे नेसवतात.