दिनविशेष : 30 डिसेंबर 1999

बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीच्या राष्ट्रीय न्यास कायद्याला या दिवशी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली.

1912च्या वेडेपणाच्या कायद्याने मतिमंद व्यक्तीला ‘वेडा’ या व्याख्येतच बसवले होते. त्यामुळे अशा व्यक्तीची रवानगी मनोरुग्णालयातच होऊ शके; वर्धा जिल्ह्याला जवळचे मनोरुग्णालय नागपूरचे, 1864 सालचे. आजार नसलेल्या माणसाला आजाऱ्यांत कोंडणारी ही व्यवस्था अन्यायाचीच होती. मुंबईत मानखुर्दला 1941 मध्ये अशा मुलांसाठी स्वतंत्र निवासी संस्था निघाली. 1944 मध्ये वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने अशा मुलांसाठी शाळा काढली. कायद्याने मात्र मतिमंदत्व मनोविकारातून वगळले ते थेट 1987 मध्ये.

‘आमच्यामागे लेकराचे कोण?’ हा आईबापांचा घोर तरीही उरलाच. अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याने मूल सज्ञान होते आणि आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. सही, बँक, जमीन यांचे व्यवहार मात्र अडतात. 1999च्या कायद्याने पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती यांच्या स्थानिक समितीला दिला. त्यामुळे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-हिंगणघाटच्या कुटुंबाला यासाठी वर्ध्यातच अर्ज करण्याची वाट मिळाली.

ज्यांना आईबापच नाहीत, त्यांचा प्रश्न याहून बिकट. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी अशा बेवारस मुलांना आपले नाव दिले. अठरा वर्षांनंतरही त्यांना त्याच संस्थेत राहू द्यावे, असा कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे झगडत आले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.