सावकाश नमस्कार

करमाळ्याच्या कमलाभवानीच्या देवळापाशी ९६ पायऱ्यांची विहीर आहे. लहानपणी मी त्या पायऱ्या धावत उतरून धावतच वर येई. सत्तरी उलटल्यावर गेलो, तर विसाव्या पायरीवरच गुडघे कुरकुरले आणि आजोबा आठवले.

आजोबा रोज पहाटे अंगणात सूर्यनमस्कार घालीत. आमचे करमाळे इंग्रजी मुलुखातले, औंध संस्थानातले नव्हे. तरी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे नमस्कारांवरचे पुस्तक आमच्या देवघराच्या फळीवर असे. गंमत अशी, की हे राजेसाहेब आधी सॅण्डोच्या उपकरणांचे भक्त! दहाएक वर्षे तो व्यायाम करून १९०८ च्या सुमारास ते मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून नमस्कारांकडे वळले, आणि मग त्यांनी सारे संस्थानच वळवले. शाळेतली मुले, मुलीसुद्धा, नमस्कार घालू लागली. १९३८ साली लुईझ मॉर्गन या बाईंनी त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनला संपादून काढले.

नमस्काराला उपकरण नको, पैसा नको. माणसाच्या लांबीएवढी जागा पुरे. कणा पुढे वाकतो, मागे ताणतो. खांदे, पोट, मांड्या सगळ्यांनाच काम पडते. राजेसाहेबांचा भर श्वासावर आणि मोठ्याने म्हणायच्या बीजमंत्रांवरही होता.

आमचे कवायतीचे मास्तर मात्र शिट्टीवर पन्नास नमस्कार उरकून घेत. तसेच मी घरी घालू लागलो, तेव्हा आजोबा ओरडले, ‘‘अरे, मागे कुत्रं लागलंय का?’’

त्या ओरडण्याचा अर्थ मला ताई-चीविषयी वाचताना कळला. चीनमधला हा संथ व्यायाम २०२० साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतला. त्यात अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर हळूच सरकवतात. त्याने म्हाताऱ्या माणसांचे पडणे कमी होते, असे वैद्यकीय पाहण्यांत आढळले आहे. आमच्या वयात पडणे म्हणजे काय, हे मांडीचे हाड मोडून खाटेवर पडलेल्याला विचारावे! नमस्काराने ताई-चीचे काम होते, असे मी म्हणणार नाही. शिवाय त्यात डोके खाली जाते; रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या वाटेला जाऊ नये. मी विचारले. आता भिंतीजवळ उभा राहून सहाच घालतो, श्वास मोजून, आणि मग जरा वेळ एका पायावर उभा राहतो. बायको हसते.

यंदा नवरात्रात पुन्हा विहिरीवर गेलो. चाळीस पायऱ्या उतरलो. वर येताना नातवाने हात पुढे केला, तो मी घेतला.