दारावरची पिग्मी

1925 साली उडुपीत एक बँक निघाली. भांडवल 8,000 रुपये आणि कामाला एक माणूस. काढणारे तिघे होते: व्यापारी उपेंद्र अनंत पै, इंजिनिअर वामन कुडवा आणि डॉक्टर टी. एम. ए. पै. नाव मात्र भारदस्त ठेवलं, ‘कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट’. दक्षिण कॅनरा जिल्हा तेव्हा मद्रास इलाख्यात होता. हातमागाचा धंदा बसल्यामुळे तिथले विणकर हलाखीत होते आणि त्यांना हात द्यावा, हा बँक काढण्यामागचा मुख्य हेतू होता. पण कर्ज द्यायला आधी पैसा हवा. तो आणायचा कुठून?

त्या भागाला बँकांचं वावडं नव्हतं. मंगळूरची कॅनरा बँक आणि उडुपीचीच कॉर्पोरेशन बँक, दोन्हींची मुळं 1906 सालची. पोस्टाची बचत बँक तर 1882 पासून चालू होती. पैसे ठेवायला जागा होती, तिथवर जाणं मात्र सगळ्यांना जमण्यासारखं नव्हतं. ज्याची कमाई रोजची आणि खर्चही रोजचा, त्याच्याकडे महिनाअखेर साठवायला काही उरतच नाही. शिवाय दोन आणे जमा करायला धंदा सोडून खिडकीशी ताटकळत उभं राहणं त्याला परवडणार नाही.

1928 साली या बँकेने त्यावर साधा तोडगा काढला. ठेवीदाराने बँकेत यायचं नाही, बँकेचा माणूस त्याच्या दारी जाणार. रोज जाणार, आणि अगदी दोन आणेसुद्धा घेणार. या योजनेचं नाव पिग्मी ठेव.

दोन आण्यांचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे आठ दिवसांत एक रुपया. महिन्याचे 3 रुपये 12 आणे. एक दिवसही न चुकवता वर्षभर भरले तर 45 रुपये 10 आणे, वर व्याज. एरवी ज्याच्या हातात एकरकमी पैसा कधी येत नव्हता, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट होती. बँकेच्या बाजूनेही सौदा चांगला होता, कारण शेकडो घरांतून थेंबाथेंबाने आलेला पैसा सगळेच ठेवीदार एका दिवशी काढायला येत नाहीत. तो कर्जाऊ देता येतो.

या कल्पनेतली खरी हुशारी माणसाच्या स्वभावाच्या ओळखीत आहे, असं म्हणायला हवं. घरात पैसा साठवायच्या जागा आपल्या बायकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहेत: डाळीचा डबा, लुगड्याची घडी, देवघरातली पितळी डबी. पण घरातल्या पैशाला पाय फुटतात. कुणाचं औषध, कुणाची उसनवारी, दारावर आलेला बोहारी; डब्यात हात घालायला कारण लागत नाही. भिशीत पैसा सुरक्षित राहतो, कारण दहा-बारा जणींची भीड असते, पण भिशीचा हप्ता ठरलेला असतो आणि ठरलेल्या दिवशी तो द्यावाच लागतो. पिग्मीत रक्कम लवचीक असते. आज धंदा झाला तर शंभर, नाही झाला तर वीस. एजंट दारात येऊन उभा राहिला की काहीतरी टाकलं जातंच आणि एकदा टाकलेला पैसा सहजासहजी परत हाती येत नाही. मुदतीआधी पिग्मी मोडली तर व्याज बुडतं, पुष्कळ ठिकाणी वर काही रक्कम कापूनही घेतात. ठेवीदाराला हे जाचक वाटतं, पण बचत टिकते ती बरीचशी या अडसरामुळे.

ही छोटी बँक पुढे सिंडिकेट बँक झाली. 19 जुलै 1969 रोजी सरकारने 50 कोटींहून अधिक ठेवी असलेल्या 14 खासगी बँका ताब्यात घेतल्या, त्यांत तीही होती. तोवर पिग्मी कुणा एका बँकेची राहिली नव्हती. महाराष्ट्रात तर ती खरी रुजवली सहकारी पतसंस्थांनी आणि नागरी बँकांनी. इतकी की ‘पिग्मी’ हा शब्द भाजी मंडईत, सलूनमध्ये, वडापावच्या गाडीवर मराठीच होऊन बसला. पिग्मी भरतात, पिग्मी मोडतात, पिग्मीवर कर्ज उचलतात. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्यापुस्तकं, दिवाळीला कपडे, दुकानात नवा फ्रिज, असे खर्च छोटा दुकानदार याच पैशातून भागवतो.

या योजनेने बचतीइतकीच आणखी एक गोष्ट घराघरांत नेली, ती म्हणजे जोडकमाई. पिग्मी एजंटला ठरावीक पगार नसतो, जमा केलेल्या रकमेवर कमिशन असतं, साधारण शेकडा दोन ते तीन रुपये. शंभर खाती आणि प्रत्येकाचे रोज शंभर रुपये धरले, तर दिवसाला 10,000 होतात आणि सव्वीस दिवसांच्या महिन्याला 2,60,000. त्यावर शेकडा दोनने 5,200, तीनने 7,800 रुपये. भांडवल शून्य, पण तारण म्हणून संस्थेकडे अनामत ठेवावी लागते आणि चपला झिजवाव्या लागतात. नोकरीच्या शोधातला पदवीधर, निवृत्त शिक्षक, मुलं शाळेत गेल्यावर दोन तास मोकळी असलेली गृहिणी, अशा सगळ्यांनी हे काम केलं.

बायकांसाठी तर सरकारनेच अशी एक वाट काढली. 1972 मध्ये महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू झाली. तिच्यात पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते घरोघर जाऊन गोळा करण्यासाठी महिला एजंट नेमल्या गेल्या आणि त्यांना शेकडा चार रुपये कमिशन मिळू लागलं. इथे भरणा रोजचा नसून महिन्याचा, आणि मुदत पाच वर्षांची. चाळीत, सोसायटीत ‘पोस्टाच्या काकू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कितीतरी जणींनी या कमिशनवर मुलांची शिक्षणं केली. शंभर घरांची पाच-पाच वर्षांची खाती तोंडपाठ असणाऱ्या या बायकांना अर्थसाक्षरतेच्या चर्चेत फारसं कुणी बोलावत नाही, आणि ही उणीव खटकणारी आहे.

कमिशनवरच्या माणसाची बाजू कायद्यापुढे लंगडी पडते. उन्हातान्हात फिरायचं, पावती फाडायची, दुसऱ्या दिवशी पै-पैचा भरणा करायचा, पण आजारपणात कमाई बंद. बँकांच्या पिग्मी एजंटांनी आपल्याला कामगार मानावं म्हणून दाद मागितली. हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाने 1988 मध्ये त्यांच्या बाजूने निवाडा दिला: महिन्याला किमान 7,500 रुपये गोळा करणाऱ्याला 750 रुपये मूळ मेहनताना, त्यावरच्या रकमेवर दोन टक्के, शिवाय प्रवासभत्ता. बँकांचं म्हणणं असं की या लोकांना कामाचे तास नाहीत आणि ते दुसरा धंदाही करू शकतात, मग ते आमचे नोकर कसे? वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2001 मध्ये न्यायालयाने सांगितलं की एजंटांवर बँकेचं नियंत्रण असतं, त्यांना मिळणारं कमिशन हे वेतनच आहे आणि ते कामगारच आहेत. वेळ आणि श्रम देणाऱ्याला त्याचा किमान मोबदला मिळालाच पाहिजे, हे यातून मान्य झालं. गावोगावच्या पतसंस्थांच्या एजंटांचे दिवस मात्र अजूनही बहुतांशी निव्वळ कमिशनवरच जातात.

ठेवीदाराची बाजूही नाजूक आहे, आणि इथे महाराष्ट्राचा एक जुना धडा आहे. 1960 साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या. त्या हादऱ्यानंतर ठेव विम्याचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1962 पासून प्रत्येक ठेवीदाराच्या 1,500 रुपयांना संरक्षण मिळालं. ही मर्यादा वाढत वाढत 1993 मध्ये एक लाख आणि फेब्रुवारी 2020 मध्ये पाच लाखांवर आली. हे संरक्षण व्यापारी आणि सहकारी बँकांतल्या ठेवींना आहे. पतसंस्था ही बँक नव्हे, त्यामुळे तिथल्या पिग्मीला हा विमा लागू होत नाही. एजंट ओळखीचा असतो, संचालक गावातलेच असतात, म्हणून हा फरक विचारायचं कुणाला सुचत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या अनेक पतसंस्था अडचणीत आल्या तेव्हा हातावर पोट असलेल्या माणसांचे पैसे वर्षानुवर्षं अडकले. रोज दारात येणारा चेहरा एजंटचा होता, त्यामुळे लोकांच्या संतापाला पहिलं तोंड त्यालाच द्यावं लागलं.

म्हणून पिग्मी भरणाऱ्याने दोन गोष्टी कराव्यात. एजंटकडच्या नोंदीवर न थांबता महिन्यातून एकदा संस्थेत जाऊन खात्यावरची शिल्लक पाहावी. आणि मुदत संपली की रक्कम विमा असलेल्या बँकेत मुदत ठेवीत किंवा पोस्टात हलवावी, कारण पिग्मीवरचं व्याज बहुतेक ठिकाणी मुदत ठेवीपेक्षा कमीच असतं. रोज दारी येणाऱ्या माणसाचा खर्च त्यातूनच निघत असतो. पैसा जमवायला पिग्मी आणि वाढवायला दुसरं साधन, अशी वाटणी अनेक दुकानदार वर्षानुवर्षं करत आले आहेत.

1 एप्रिल 2020 रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि उडुपीतून निघालेलं ते नाव पाट्यांवरून उतरलं. पिग्मी चालूच आहे. कार्डावरच्या सहीच्या जागी आधी छोटं छापील पावती देणारं मशीन आलं, मग मोबाइलवर संदेश येऊ लागला. टपरीवर क्यूआर कोड लावून बसलेल्या माणसाला आता स्वतःच फोनवरून रोज पन्नास रुपये बाजूला टाकता येतात. तरीही पुष्कळ दुकानदार एजंटची वाट पाहतात, कारण मनात आलं की पैसे परत काढायची सोयही त्याच फोनमध्ये आहे.