पाहणाराचा निवाडा

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या जळगांव जामोदसारख्या वऱ्हाडी गांवांत बर्फाचा संबंध काय तो गोळेवाल्याच्या गाडीशीं आणि लग्नसराईंतील सरबताशीं. मे महिन्यांत भर दुपारीं जेथें रस्त्यावर चिटपांखरूं दिसत नाहीं, तेथें गोठलेल्या तळ्याची कल्पना करणेंहि अवघड. असें असूनहि कोणा रशियन वा जपानी मुलीनें हवेंत घेतलेल्या तीन गिरक्या पुऱ्या झाल्या कीं नाहीं, खालीं उतरतांना तिचें पाऊल डळमळलें काय, आणि परीक्षकांनीं तिला न्याय दिला कीं अन्याय, याविषयींची चर्चा याच गांवांतील सुशिक्षित घरांतून आम्हीं ऐकली आहे. तींत हिरिरीनें भागहि घेतला आहे. ज्या खेळाचें मैदान कधीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, ज्याची पादत्राणें कधीं हातांत घेतलीं नाहींत, त्या खेळाचे आम्ही परीक्षक कसे झालों? हा प्रश्न वरवर विनोदी वाटला तरी त्याच्या मागें गेल्या नव्वद वर्षांचा एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचे धागेदोरे आपल्या वऱ्हाडाशींहि येऊन पोंचतात.

या इतिहासाचा आरंभ इ. स. १९३६ पासून धरावा असें आम्हांस वाटतें. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांत, गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथें, हिवाळी ऑलिंपिक सामने झाले. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर करावयाचें जें नर्तन, ज्यास फिगर स्केटिंग म्हणतात, त्यांत नॉर्वेच्या सोनिया हेनीनें १९२८ व १९३२ च्या मागोमाग तिसरें सुवर्णपदक मिळविलें. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत बर्लिन येथें मुख्य ऑलिंपिक सामने भरले. त्या प्रसंगीं आपल्या अमरावतीच्या, १९१४ सालीं स्थापन झालेल्या, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक बर्लिनला गेलें, आणि मल्लखांब, कबड्डी इत्यादि देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें त्यानें तेथें करून दाखविलीं. आणि याच बर्लिनच्या सामन्यांचें दूरचित्रवाणीवरून प्रथमच थेट प्रक्षेपण झालें. बर्लिन व पॉट्सडॅम येथील सार्वजनिक दालनांत लोक दाटीनें बसून लहानशा पडद्यावरील अंधुक चित्रें पाहत होते. बर्फावरील नर्तन, मल्लखांब आणि दूरचित्रवाणी, हीं तिन्ही अशा रीतीनें एकाच वर्षीं एकाच देशांत येऊन गेलीं. त्यांची गांठ मात्र पुढें पडावयाची होती.

मल्लखांब आणि बर्फावरील नर्तन यांचें नातें वरवर दिसतें त्याहून जवळचें आहे. कुस्तींत पाठ जमिनीस लागली म्हणजे निवाडा झाला. तो भूमातेनेंच दिला. शर्यतींत दोरी ज्याच्या छातीस आधीं लागली तो जिंकला. पण ज्या विद्यांत प्रतिस्पर्धी समोर नसतो, घड्याळ वा मोजपट्टी यांचा उपयोग नसतो, आणि सामर्थ्य व सौंदर्य यांचा मिलाफ हाच ज्यांचा हेतु, तेथें निवाडा पाहणाराच्या डोळ्यांनींच करावा लागतो. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथापर्यंत मल्लखांबाची परंपरा नेतात. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं तिला नवें जीवन दिलें. एरंडेल चोळलेल्या लांकडावर चढणारा मुलगा आणि बर्फावरून सरकणारी मुलगी, हीं दोघेंहि निसटत्या पृष्ठावर तोल सांभाळतात, आणि कष्टाचा लवलेश चेहऱ्यावर दिसूं देत नाहींत. म्हणूनच पाहणारा कोण आणि तो काय पाहतो, या गोष्टीवर अशा विद्यांचें भवितव्य अवलंबून राहतें.

फिगर स्केटिंग या नांवांतच त्याचा पूर्वेतिहास आहे. फिगर म्हणजे आकृति. बर्फावर पोलादी पात्याची जी रेघ उमटते, तिनें वर्तुळें, इंग्रजी आठाचा आंकडा व त्याहून बिकट वळणें काढावयाचीं, आणि तीच आकृति पुनःपुन्हा अशी गिरवावयाची कीं दुसरी रेघ पहिलीवर तंतोतंत पडावी. आमच्या पिढीच्या वाडवडिलांनीं शाळेंत जसा कित्ता गिरविला तसाच हा प्रकार. खेळाडू दूर झाला कीं परीक्षक बर्फावर जात, वांकून त्या रेघा न्याहाळीत, आणि मग गुण देत. पुढें एकोणिसाव्या शतकांत जॅक्सन हेन्स या अमेरिकन नर्तकानें युरोपांत, विशेषतः व्हिएन्ना येथें, संगीताच्या तालावर बर्फावर नृत्य करून दाखविलें आणि या खेळास कलेचें अंग लाभलें. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकांत तो दाखल झाला तेव्हां त्यांत गिरवणें व नाचणें हीं दोन्ही अंगें होतीं; आणि १९६८ पर्यंत शंभरांतील साठ गुण गिरवण्याचे व चाळीस मुक्त नर्तनाचे असत. शिस्त आधीं आणि शोभा नंतर, असाच त्या काळचा दंडक होता म्हणाना!

या दंडकास धक्का दिला तो दूरचित्रवाणीनें. १९५६ सालीं इटलींतील कोर्तिना येथील हिवाळी सामने अनेक देशांत थेट दिसले. १९६० च्या अमेरिकेंतील सामन्यांचे हक्क एका कंपनीनें ५०,००० डॉलर देऊन विकत घेतले. आतां परीक्षकांच्या मागें लाखों परीक्षक घरोघरीं बसले. त्यांना गिरवणें दिसत नव्हतें. संगीत नाहीं, वेग नाहीं, तासन्तास चालणारें काम, आणि कॅमेऱ्यास त्या रेघांचा पत्ताहि लागत नसे! १९७२ सालीं जपानच्या सापोरो येथील सामन्यांत याचा कडेलोट झाला. ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबा यांच्या आकृति इतक्या निर्दोष होत्या कीं मुक्त नर्तनांत सातवा क्रमांक येऊनहि सुवर्णपदक त्यांनाच मिळालें. उलट, अमेरिकेच्या जॅनेट लिन यांनीं मुक्त नर्तनांत सर्वांवर मात केली, आणि त्यांना कांस्यपदकावर समाधान मानावें लागलें. नियमाप्रमाणें निकाल बिनचूक होता. घरीं बसून पाहणारांस तो उघड अन्याय वाटला. नियम आणि डोळा यांचें भांडण लागलें म्हणजे, डोळ्यांची संख्या मोठी असल्यास, नियमासच माघार घ्यावी लागते. लगेच १९७३ पासून लघु नर्तनाची नवी फेरी सुरू झाली, गिरवण्याचे गुण टप्प्याटप्प्यानें घटले, १९८८ सालीं आंतरराष्ट्रीय संघटनेनें तें अंग अजिबात काढून टाकण्याचा ठराव केला, आणि मार्च १९९० मध्यें कॅनडांतील हॅलिफॅक्स येथें जागतिक स्पर्धेंत शेवटचा कित्ता गिरविला गेला.

ज्या १९७२ सालीं सापोरोचा हा वाद झाला, त्याच सालच्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालें. मुंबई-पुण्याचीं कुटुंबें चिमणराव-गुंड्याभाऊंस पडद्यावर पाहून हंसत होतीं, तेव्हां वऱ्हाडांतील गांवांस तो केवळ वर्तमानपत्रांत वाचावयाचा विषय होता. १९८२ च्या उपग्रहानें, रंगीत प्रक्षेपणानें आणि दिल्लींतील आशियाई सामन्यांनीं हें चित्र पालटूं लागलें. पुढील कांहीं वर्षांत लहान लहान प्रक्षेपक केंद्रें देशभर उभीं राहिलीं, आणि कौलारू घरांवर लोखंडी नळीच्या टोकास ॲन्टेना दिसूं लागल्या. जानेवारी १९८७ पासून रविवारीं सकाळीं ‘रामायण’ लागलें म्हणजे ज्याच्या घरीं संच त्याचें घर गांवाचें झालें. पण त्या काळचा प्रेक्षक भाविक होता. पडद्यावर जें येईल तें तो हात जोडून स्वीकारी. १९९१-९२ मध्यें उपग्रहवाहिन्या आल्या आणि त्यांच्या क्रीडावाहिन्यांबरोबर बर्फावरील नर्तन आमच्या माजघरांत शिरलें. एक मालिका नको तर दुसरी निवडण्याचा अधिकार प्रेक्षकाच्या बोटांत आला. भाविकाचा परीक्षक झाला तो येथें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आम्हां वऱ्हाडी प्रेक्षकांस हें नर्तन दिसूं लागलें तेव्हां गिरवणें संपलेलें होतें. ज्या अंगानें खेळास नांव दिलें, तें अंग आम्हीं कधीं पाहिलेंच नाहीं, आणि त्याची उणीवहि आम्हांस भासली नाहीं. एखादी विद्या नाहींशी होते तेव्हां कांहीं गाजावाजा होत नाहीं. पुढच्या पिढीस ती होती याचा पत्ताच नसतो.

तथापि या व्यवहारांत दूरचित्रवाणीनें केवळ नुकसानच केलें असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. २००२ सालीं अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटी येथें जोडीच्या नर्तनांत रशियाच्या बेरेझ्नाया-सिखारुलिद्झे या जोडीस, उतरतांना एक पाऊल चुकलें असूनहि, पांच विरुद्ध चार मतांनीं सुवर्णपदक मिळालें; कॅनडाच्या साले-पेल्तिए यांची कामगिरी निर्दोष दिसली होती. पडद्यावर तें दृश्य पुनःपुन्हा दाखविलें गेलें, चोहोंकडे ओरड झाली, फ्रेंच परीक्षक बाईंवर दबाव आल्याचें प्रकरण बाहेर पडलें, आणि शेवटीं कॅनडाच्या जोडीसहि सुवर्णपदक देण्यांत आलें. सहा गुणांची जुनी पद्धत जाऊन २००४ पासून प्रत्येक उडी व प्रत्येक गिरकी यांचें स्वतंत्र मोल ठरविणारी नवी पद्धत आली. दोन-चार जाणत्यांनीं बर्फावर वांकून, इतरांस न दिसणाऱ्या रेघांवरून निकाल द्यावा, यांत शिस्त होती तशी पक्षपातास आडोसाहि होता. तो आडोसा लाखों डोळ्यांनीं दूर केला.

मात्र याच डोळ्यांस दुसरी एक खोड आहे. त्यांना कलेपेक्षां कथा अधिक आवडते. जानेवारी १९९४ मध्यें अमेरिकेच्या नॅन्सी केरिगन हिच्या गुडघ्यावर घाव घालण्यांत आला, आणि त्या कटांत तिची प्रतिस्पर्धी टॉन्या हार्डिंग हिच्या घटस्फोटित नवऱ्याचा हात असल्याचें उघडकीस आलें. पुढच्याच महिन्यांत दोघी ऑलिंपिकांत उतरल्या, तेव्हां अमेरिकेंत त्या रात्रीं जेवढे लोक पडद्यापुढें बसले तेवढे क्वचितच बसले असतील. सुवर्णपदक युक्रेनच्या ओक्साना बाइउल हिनें नेलें. पण किती जणांस तिचें नर्तन आठवतें? आमच्याकडील गायन-नृत्याच्या स्पर्धा पाहतांना आम्हांस ही गोष्ट वारंवार आठवते. २००५ सालीं ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वांत आपला अभिजीत सावंत प्रेक्षकांनीं धाडलेल्या लघुसंदेशांच्या बळावर विजयी झाला, याचा आनंद मराठी घरांस झाला तो योग्यच. परंतु त्यानंतरच्या अनेक कार्यक्रमांत गाण्यापेक्षां गाणाराच्या घरची गरिबी, आईचे अश्रु आणि परीक्षकांचे परस्परांस चिमटे यांनाच अधिक वेळ मिळूं लागला. मुलीनें षड्ज कसा लावला हें ऐकण्याच्या आंतच टाळ्या वाजतात. जाणत्या परीक्षकाच्या एका मोजक्या शेऱ्यासाठीं आम्ही पाऊण तासाचा गलका सोसतों. असे शेरे मिळतातहि, आणि तेवढ्यासाठींच आम्ही अद्यापि ते कार्यक्रम पाहतों.

हें सारें परदेशच्या खेळाचें म्हणून सोडून देतां आलें असतें. पण आतां वेळ आमच्या घरच्या विद्यांवर आली आहे. अमरावतीच्या पथकानें १९३६ मध्यें जी कबड्डी बर्लिनला दाखविली, ती २०१४ च्या जुलैपासून प्रो कबड्डीच्या रूपानें झगमगीत दिव्यांखालीं अवतरली. चढाईस तीस सेकंदांचें बंधन घड्याळावर दिसूं लागलें. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवा नाहीं तर बाद व्हा, असा नियम आला. खेळास वेग आला, खेळाडूंच्या घरीं पैसा आला, हें निर्विवाद. तथापि संथपणें प्रतिपक्षास दमविण्याची, वाट पाहण्याची जी जुनी कला होती, तिला आतां जागा उरली नाहीं.

मल्लखांबाचा पाट आतां मांडला जात आहे. २०१९ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, ‘खेलो इंडिया’च्या युवा सामन्यांत त्यास स्थान मिळालें, दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांस २०२४ सालीं पद्मश्री मिळाली. आणि २०२३ मध्यें ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेंत छत्तीसगडांतील अबुझमाडच्या मल्लखांब अकादमीचीं मुलें विजयी झालीं. जंगलांतील आदिवासी मुलांचा तो विजय पाहून आमचा ऊर भरून आला, हें लपविण्याचें कारण नाहीं. जी विद्या बर्लिनला जाऊनहि कोणाच्या लक्षांत राहिली नाहीं, ती पडद्यामुळें एका रात्रींत देशास माहीत झाली.

परंतु त्या रात्रीं देशानें काय पाहिलें? मनोरे, झेपा आणि दिव्यांचा लखलखाट. मल्लखांब शिकणारा मुलगा आरंभीं मनोरे रचीत नाहीं. तो आधीं अढी घालण्यास शिकतो. तीच अढी शेंकडों वेळां घालतो, सोडतो, पुन्हा घालतो. ती पडद्यावर दिसत नाहीं, तिला टाळ्या मिळत नाहींत. बर्फावरील गिरवण्याचें आणि या अढीचें जातकुळ एकच. प्रेक्षकांस केवळ मनोरेच हवेसे झाले, तर उद्यां आखाड्यांतील गुरुजीहि मनोरेच शिकवितील. त्यांना दोष कोण देणार?

गिरवण्याचें अंग संघटनेच्या ठरावानें गेलें असें इतिहास सांगेल. पण तो ठराव प्रेक्षकाच्या जांभईनें आधींच मंजूर केला होता. निवाड्याचा अधिकार आम्हां पाहणारांच्या हातीं आला आहे, तो आतां परत जाणार नाहीं, आणि जावा असेंहि आम्हांस वाटत नाहीं. मात्र अधिकारी होण्यापूर्वीं थोडा अभ्यास करावा, एवढें तरी आमच्यावर बंधनकारक आहे. गाणें न येणाऱ्या परंतु जाणत्या श्रोत्यांनीं आपल्या संगीताची इभ्रत पिढ्यान्‌पिढ्या राखली. तसा जाणता प्रेक्षक पडद्यापुढें निर्माण होणें अशक्य नाहीं. घरांतील मुलें अशी स्पर्धा पाहत असतील तेव्हां वडील माणसांनीं त्यांस कोण जिंकलें एवढेंच न विचारतां, ती उडी कोणत्या पायावरून घेतली, ती अढी कशी सुटली, हेंहि विचारावें. आणि गांवांतल्या वा तालुक्याच्या आखाड्यांत मल्लखांब पुरलेला असेल, तर एखाद्या संध्याकाळीं मुलांस तेथें नेऊन, कोणीहि टाळ्या वाजवीत नसतांना चाललेला तो सराव त्यांना अर्धा तास स्वस्थ बसून पाहूं द्यावा.