फोटोच्या कडेला राहिलेलं तेल

मंडळाच्या एका बैठकीत मी युरोपातल्या जुन्या शर्यतींच्या मोटारींचे फोटो दाखवले होते. ‘बघा, गाडीवर एकही जाहिरात नाही, निव्वळ हौसेचा जमाना!’ असं म्हणालोही होतो. ते विधान आज दुरुस्त करतो.

त्या गाड्या देशाच्या रंगात असत: ब्रिटनची हिरवी, इटलीची तांबडी, फ्रान्सची निळी. पत्रा कोरा असला, तरी मागे तेल कंपन्यांचा हात असे. त्या तेल देत, पैसे देत आणि गाडी जिंकली की वर्तमानपत्रात आपल्या तेलाचा डंका पिटत. चार्ल्स वेकफिल्ड यांनी १८९९ मध्ये लंडनला कंपनी काढली. १९०९ मध्ये त्यांच्या इंजिन-तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ नाव मिळालं, कारण त्यात एरंडेल होतं. हो, आजी नाक दाबून पाजायची तेच! तापलेल्या इंजिनातही त्याचा थर टिकतो, म्हणून शर्यतवाल्यांना ते प्रिय.

कधी कंपनी थेट गाडीच्या नावातच शिरे. जॉन कॉब यांची ‘रेल्टन’ १९४७ साली ‘रेल्टन मोबिल स्पेशल’ होऊन अमेरिकेत बोनव्हिलच्या मिठागरावर ताशी ३९४ मैलांनी धावली. फॉर्म्युला वनमध्ये १९६८ पासून सिगारेटवाले आले, तेव्हा मात्र गाड्यांचे रंगच बदलले.

आता माझी चूक. फोटो नीटनेटके दिसावेत म्हणून मी कडा कापल्या होत्या. मूळ प्रत पाहिली, तर मागच्या कुंपणावर तेलाचं नाव ठळक! तेव्हा मंडळी, घरातले जुने फोटो स्कॅन करताना कडा कापू नका. पुरावा बरेचदा तिथंच असतो.