अ‍ॅलर्जीविषयक खबरदारीची सूचना

अन्नपदार्थात मुद्दाम न घातलेला, पण शेत, वाहतूक किंवा कारखान्यात मिसळू शकणारा अ‍ॅलर्जीकारक घटक कळवणारी वेष्टनावरील ओळ. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग नियमांत तिची तरतूद आहे. त्यांच्या यादीत ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन इत्यादी येतात. युरोपीय यादीतले तीळ आणि मोहरी मात्र नाहीत.

डाळ मिलसाठी प्रसिद्ध असलेल्या अकोल्यात धोक्याची सुरुवात कारखान्याबाहेरच होते. वऱ्हाडात सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेतात आणि सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात हरभरा पेरतात. मळणीयंत्र, बारदाना, अडत्याचे गोदामही बहुधा सामाईक. सोयाबीनची फुटकी पाकळी हरभरा डाळीत चाळणीला सहज अडकत नाही. रंगही फिकट पिवळाच. बेसन दळले की ती डोळ्यांना दिसणे संपले. त्याच चक्कीवर आधी गहू दळला असेल तर ग्लुटेनचीही भर पडते. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायला किलोमागे कमाल 20 मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे.

कच्च्या शेतमालाला अ‍ॅलर्जीच्या लेबलातून सूट असल्याने माहितीची साखळी नेमकी इथे तुटते. म्हणून शेवपापडीवाल्याने पुरवठादाराला ‘माल स्वच्छ आहे ना?’ एवढेच विचारून भागत नाही. त्या यंत्रावर आधी कोणता माल चालला, हे विचारावे लागते. तपासणी टाळण्यासाठी सरसकट छापलेली सूचना ग्राहकाच्या काहीच कामाची नसते. अशी नकळत झालेली मिसळ परदेशापर्यंतही पोचते: 2024 मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना मोहरी टाळायला सांगितले. शेंगदाणा मिसळलेल्या त्या मोहरीचा माग भारतापर्यंत आला होता.